हरिबाईची वकिली

परभणीच्या कोर्टात दत्तरावांना सगळे 'तर्जुमेवाले' म्हणत. तर्जुमा म्हणजे भाषांतर. निजामाच्या राज्यात कोर्टाचं काम उर्दूत चालायचं. संस्थान विलीन झालं आणि जुन्या प्रकरणांची उर्दू कागदपत्रं मराठीत आणायला माणसं लागली, तेव्हा दत्तरावांना ते काम मिळालं. त्यांचं सगळं शिक्षण हैदराबादेत, उर्दूतून झालेलं. मराठी यायची ती आईच्या तोंडची. 'मराठी मला बोलता येती, पण लिहाया गेलं की पेन अडतंय,' असं ते हसत सांगत. मानेवर रुळणारे केस, अंगात काळी शेरवानी, आणि दुपारच्या उन्हातसुद्धा वरपर्यंत लावलेली बटणं. कोर्टाच्या व्हरांड्यात आरोपी असो की वकील, समोरचा बोलत असला की ते मान किंचित वाकडी करून ऐकत. त्यांच्याकडे पाहिलं की माणसाला आपोआप जास्त बोलावंसं वाटे.

हैदराबादेत शिकताना त्यांना नाटकाचा नाद लागला होता. तिथल्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांत त्यांना एक इंग्रजी नाटक सापडलं, अमेरिकेतलं. ते त्यांनी कितीतरी वर्षं जवळ बाळगलं. कोर्टात सारा दिवस दुसऱ्यांची बोलणी मराठीत आणता आणता १९५७ साली त्यांनी ते नाटकही मराठीत आणलं आणि ते बसवायचं ठरवलं.

मी तेव्हा परभणीत मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. माझं माहेर राणीसावरगाव. लग्न पोखर्णीजवळच्या एका खेड्यात झालं. नवरा, सुग्रीव, हैदराबादेला गिरणीत कामाला गेला आणि तिथंच त्यानं दुसरं घर केलं. मी माहेरपणाला आले होते, ती परत सासरी गेले तेव्हा सासू भिवराबाई दारात उभी राहिली. म्हणाली, "आता हितं तुजी जागा न्हाई, कोकिळे." आणि तिनं दार लावलं. वडील सोबत होते. आल्या बैलगाडीनं आम्ही परतलो. वडिलांनी रडूबिडू दिलं नाही, मला सातवीला बसवलं. त्या काळात गावोगाव मराठी शाळा निघत होत्या आणि शिकवायला बायका मिळत नव्हत्या, म्हणून मला नोकरी लागली.

आमच्या मुख्याध्यापिका पार्वतीबाई एका दुपारी म्हणाल्या, "दत्तराव नाटक बसवायलेत. त्यांना बायका पायजेत. पुरुषाला लुगडं नेसवून काम करायचं न्हाई मनतात. तू जा. कुणी काय बोललं तर माझं नाव सांग."

मी गेले ते नाटकापेक्षा पार्वतीबाईंच्या शब्दाखातर.

तालमी रविवारी दुपारी जिनिंगच्या शेडमध्ये होत. पावसाळ्यात जिनिंग बंद असे. सरकी काढायची यंत्रं झाकून ठेवलेली, आणि आढ्याला, कोपऱ्यांत गेल्या हंगामातला कापूस जाळ्यासारखा लोंबत असे. जिनिंगमध्ये काट्यावर कापूस तोलणारा लिंबाजी हा मूळचा पोखर्णीचा. जागा त्यानंच मालकाकडून मिळवली होती, आणि नाटकातल्या भावाचं काम त्यालाच होतं. सरकारी दवाखान्यातली नर्स छबूबाई भावाच्या बायकोचं काम करणार होती. मी तिसरी.

पहिल्या दिवशी दत्तरावांनी आम्हाला नाटकाची गोष्ट सांगितली. अमेरिकेत गव्हाच्या माळावर एक छोटं रेल्वेचं गाव आहे. तिथं हॅरिएट नावाची प्रौढ बाई अंथरुणाला खिळलेल्या बापाला सांभाळून राहते. तिनं लग्न केलेलं नाही. तरुणपणी घर सोडून गेलेला तिचा भाऊ सॅम, बर्फ पडत असताना एका संध्याकाळी बायकोला घेऊन परत येतो. त्याला बापाला शहरात न्यायचं आहे आणि घर मोडायचं आहे. दोघं भावंडं बोलत राहतात, भांडतात, जुन्या आठवणी काढून हसतातही. शेवटी हॅरिएट भावाला बापाच्या खोलीत जाऊ देत नाही. 'पहाटेच्या गाडीनं जा' म्हणते आणि दोघांना बाहेर काढून दार लावते. तिथं नाटक संपतं. बाप रंगमंचावर येतच नाही, आतून नुसता खोकतो. तो खोकला दत्तराव स्वतः काढणार होते.

शाळेतले एक मास्तर तालीम बघायला आले होते. ते म्हणाले, "अमेरिकेतली माणसं 'काय करायलाय' मनतेत का? जरा शुद्ध मराठी ठेवा की."

"शुद्ध मला येत न्हाई," दत्तराव म्हणाले. "अन् ते लोक तरी तिकडं पुण्याचं बोलत असतील का? घरातली माणसं घरातलंच बोलतेत. नावं त्यांची राहू द्या. बोलणं आपलं."

मग त्यांनी कामं वाटली. मला वाटलं होतं, भावाच्या बायकोचं काम मला मिळेल. ती बिचारी बर्फात उभी राहते, तिची दया येते. मला हॅरिएट मिळाली. मी म्हणाले, "काका, मला ही दुष्ट बाई नको."

त्यांनी मला कापसाच्या एका गठ्ठ्यावर बसवलं, कोर्टात साक्षीदाराला उभं करतात तसं. "कोकिळाबाई, हॅरिएटनं भावाला दार कामून लावलं?"

"दुष्ट होती म्हणून."

"हे तुमी सांगायलात. तिला इचारलं तर ती काय सांगंल?"

मी गठ्ठ्यातला कापूस उपटत राहिले.

"मी लय वर्षं लोकांची बयानं, जबान्या मराठीत लिहायलोय," ते म्हणाले. "चोराचं लिहिलं, मारेकऱ्याचंबी लिहिलं. पण 'मी वाईट माणूस हाय, मनून हे केलं,' असं एकानंबी सांगितलं न्हाई. हरेकाजवळ आपलं कारण असतंय. लंगडं असंल, खोटं असंल. पण त्याला ते खरंच वाटतंय. साक्षीदाराचं बोलणं मी सुधरत न्हाई. तुमीबी तिला सुधरू नका. तिची वकिली करा."

"मग छबूबाईचं काम मला द्या. त्या बाईची वकिली मी चांगली करीन."

दत्तरावांनी माझ्याकडे पाहिलं. माझी गोष्ट त्यांना ठाऊक होती, परभणीत कुणाची गोष्ट झाकून राहत नसे. ते हळूच म्हणाले, "दाराच्या बाहेर उभं राहायचं तुमाला ठावं हाय, बाई. आतून दार लावायचं ठावं न्हाई."

मी उठले आणि सरळ घरी आले. डोळ्यांत पाणी होतं आणि रागही. परक्या माणसानं माझ्या वर्मावर बोट ठेवावं, याचा राग. पार्वतीबाईंना सांगितलं, मी जाणार नाही. त्या म्हणाल्या, "नको जाऊ." एवढंच.

पण तो आठवडाभर ते वाक्य डोक्यातून जाईना. फळ्यावर उजळणी लिहिताना, भाकरी थापताना, मी भिवराबाईला कापसाच्या गठ्ठ्यावर बसवायची आणि विचारायची, तुम्ही दार का लावलं? आधी ती काही बोलायची नाही. मग बोलायला लागली. 'माझं एकुलतं एक पोरगं. त्यानं सांगून ठेवलं, पहिली घरात दिसली तर मी गावात पाय ठेवणार न्हाई. मी म्हातारी बाई, काय करू?' हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. तिच्या तोंडी मीच घातलं होतं. तरी ते घातल्यावर तिचा चेहरा मला वेगळा दिसायला लागला. दार लावताना तिनं माझ्याकडे पाहिलंच नव्हतं, बैलाकडे पाहत होती, हेही मला तेव्हाच पहिल्यांदा आठवलं.

पुढच्या रविवारी मी शेडमध्ये गेले. गठ्ठ्यावरचा कापूस झटकून दत्तरावांनी बसायची खूण केली आणि विचारलं, "हां. दार कामून लावलं?"

त्या दिवशी मी हॅरिएटचं बयान दिलं. लिंबाजी आणि छबूबाईनं उलटतपासणी घेतली. लिंबाजी तर खरोखरच चिडला. "बापावर माझाबी हक हाय का न्हाई?" तो ओरडला, आणि मी म्हणाले, "हक सांगायला आलास. बापाची कूस बदलायला कुठं व्हतास?" हे वाक्य पुस्तकात नव्हतं. दत्तरावांनी ते घेतलं नाही. "पुस्तकातलंच बोला," ते म्हणाले, "पण हे पोटात ठेवून बोला."

असं ते शिकवत. हात असा करा, मान अशी वळवा, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. ते विचारत. 'ही खुर्ची कुणी आणली या घरात?' 'भाऊ गेला तेव्हा हॅरिएट किती मोठी होती? त्या दिवशी काय शिजवलं होतं?' पुस्तकात उत्तर नसे. आम्ही शोधून आणायचं. भिवराबाई चुलीपुढची सारवलेली जागा पुन्हा पुन्हा पोतेऱ्यानं पुसायची, जागा स्वच्छ असली तरी. मी ते हॅरिएटला दिलं. बोलता बोलता ती टेबल पुसत राही. दत्तरावांनी विचारलं, हे कुठून आणलं. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुढं तालीम चालू ठेवली.

पहिला प्रयोग गणपतीत शाळेच्या हॉलमध्ये झाला. वरून बर्फ पडायला हवा होता. जिनिंगच्या आढ्यावरचा सगळा कापूस काढून दोन माणसं तो माळ्यावरून उधळत होती. परभणीत बर्फ कुणी पाहिलेला? पण लिंबाजी आणि छबूबाई खांद्यावर कापूस घेऊन आत आले तेव्हा लोक एकदम गप्प झाले.

ते गप्प राहणं टिकलं नाही. मी दार लावलं आणि मागून शिट्टी वाजली. कुणीतरी 'चेटकीण' म्हणून ओरडलं, लोक हसले. पडदा पडला तरी हसत होते. मी कपडे न बदलताच घरी निघाले. छबूबाई माझ्याबरोबर आली आणि वाटेत काही बोलली नाही, त्याबद्दल मी तिची आजही ऋणी आहे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत दत्तराव शाळेत आले. शेरवानीचं वरचं बटण लावायचं राहिलं होतं. पार्वतीबाईंनी त्यांना बसायला सांगितलं, ते उभेच राहिले.

"चूक माजी हाय, कोकिळाबाई," ते म्हणाले. "वकिलानं काम चांगलं केलं. पण पुरावा मीच काढून घेतला, मग खटला कसा टिकंल?"

नाटकात सुरुवातीला एक प्रवेश होता. हॅरिएट एकटी असते. चुलीजवळ वीट तापवते, फडक्यात गुंडाळते, बापाच्या पायाशी ठेवायला आत नेते. त्याची पेज चाखून बघते, फुंकर घालते. दाराआडून त्याला दिवसभरातलं सांगत राहते, आणि आतून उत्तर येत नाही. कार्यक्रम लांबतो म्हणून गणपतीवाल्यांनी नाटक आटोपतं घ्यायला सांगितलं होतं, तेव्हा दत्तरावांनी तो प्रवेशच गाळला होता. त्यात काही घडत नाही, असं त्यांना वाटलं होतं.

"लोकांनी तिला दार लावतानाच पाह्यलं," ते म्हणाले. "त्याच्या आधी ती काय करत व्हती, ते मी दावलंच न्हाई. मंग ते चेटकीण मनणार न्हाई तर काय मनतील? तुमच्या अंगावर शिट्ट्या आल्या त्या माज्या व्हत्या."

कोर्टातला एवढा माणूस, शाळेच्या पोरींसमोर एका शिक्षिकेला हे सांगतो, याचं मला नवल वाटलं. रात्रीपासून मनात साचलेलं सगळं उतरलं. मी विचारलं, "मग परत कधी करायचं?"

परत करायला पुढचा वैशाख उजाडला. पोखर्णीला नृसिंहाची जत्रा असते. लिंबाजीनं गावच्या मंडळींना राजी केलं. पोखर्णी म्हटल्यावर मी दोनदा विचार केला, कारण माझं सासर तिथून हाकेवर होतं आणि जत्रेला सगळा मुलूख येतो. पण मी नाही म्हटलं नाही.

मोटारीनं आम्ही गेलो. उन्हं कलल्यावर देवळाजवळच्या ओट्यावर प्रयोग लावला. वैशाखाचा उकाडा, अंगात जाड कोट, आणि वरून कापसाचा बर्फ. लिंबाजीच्या कपाळावरून घाम ओघळत होता आणि तो 'लय थंडी हाय' म्हणत कुडकुडत होता. लोक पोट धरून हसले, आम्हालाही हसू आवरेना. हॅरिएट हे नाव कुणाच्या तोंडी बसलं नाही. पुढं बसलेल्या म्हाताऱ्यांनी तिची हरिबाई करून टाकली.

पण वीट तापवायचा प्रवेश आला आणि बायकांच्या बाजूला सगळं शांत झालं. मी पेज फुंकली, चाखली, आत नेली. कुणीतरी हळूच म्हणालं, "सेवा लय करती हो." मी दाराशी बसून आतल्या बापाशी बोलत होते आणि आतून दत्तरावांचा खोकला येत होता. मला वाटलं, हजार डोळे माझ्याबरोबर त्या दाराकडे बघताहेत.

शेवटी मी दार लावलं. शिट्टी नाही, टाळी नाही. मग पुरुषांतून आवाज आला, "बरं केलं."

लगेच बायकांतून एक म्हणाली, "काय बरं केलं? पाठचा भाऊ हाय तिचा."

"भाऊ इतकी वर्सं कुठं मेला व्हता?"

"मनून बापाचं तोंडबी दावू ने?"

पडदा पडून गेला तरी ओट्यासमोर वाद चालूच. लोक उठेनात. दत्तराव पडद्याआड तोंडावर हात धरून ऐकत उभे होते. त्यांचे डोळे भरले होते. मी इतका आनंदी माणूस त्याआधी पाहिला नव्हता. ते कुजबुजले, "बघा, खटला उभा राह्यला."

मी कोट काढून तोंड धुत होते, तेव्हा मागच्या बाजूनं भिवराबाई आली. थकली होती, डोळ्यांवर हात धरून माझा चेहरा शोधत होती. मी पदर सावरला. तोंडातून जुनंच निघालं, "आत्याबाई."

तिनं बरंवाईट काही विचारलं नाही. म्हणाली, "ती हरिबाई दार लावून आत रडली का न्हाई, ते तुमी दावलं न्हाई."

"पुस्तकात नाही ते."

"पुस्तकात नसंल," ती म्हणाली. "पण रडली असंल. दाराला पाठ लावून लय येळ बसली असंल. गाडीचा आवाज जाईस्तोवर."

मी तिचा हात धरला. तिनं धरू दिला. आम्ही दोघी तशाच उभ्या होतो, आणि पलीकडे जत्रेतले लोक अजून हरिबाईचा निवाडा करत होते.

परतताना मी दत्तरावांना ते सांगितलं आणि विचारलं, पुढच्या प्रयोगात हॅरिएटला रडताना दाखवायचं का. ते म्हणाले, "दावायचं न्हाई. दावलं तर लोकांचा वाद मिटला. पण तुमाला आता ठावं झालं ना? दार लावताना ते हातात येईल." पुढं आम्ही ते नाटक जिंतूरला केलं, वसमतला केलं. दर वेळी दाराची कडी लावताना माझा हात जड व्हायचा, आणि त्याहून जास्त काही करावं लागत नसे.

पुढच्या वर्षी भिवराबाईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ती परभणीला आली ती थेट माझ्या खोलीवर. सुग्रीव आला नाही. छबूबाईनं दवाखान्यातली सगळी खटपट केली. ऑपरेशन झालं, आणि पट्टी सुटेपर्यंत भिवराबाई माझ्याकडेच राहिली, मी तिला पेज करून भरवली. दत्तराव भेटायला आले तेव्हा तिनं त्यांना आवाजावरून ओळखलं. "तो आत खोकणारा म्हातारा तूच का रं?" तिनं विचारलं. दत्तरावांनी उत्तरादाखल खोकून दाखवलं. भिवराबाईला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

मला कुणी विचारलं की त्या माणसानं तुला काय दिलं, तर मी काय सांगू? नाटकानं माझा संसार परत आणला नाही, आणि मला तो परत नकोही होता. पण माझ्या आत एक बंद दार होतं, आणि त्याच्या बाहेर मी वर्षानुवर्षं उभी होते. दत्तरावांनी मला त्या दाराच्या आत नेऊन उभं केलं. तिथंही एक बाईच होती. हे कळल्यावर मला झोप नीट लागायला लागली. वर्गात उशिरा येणाऱ्या, खोटं बोलणाऱ्या पोरींना मी आधी विचारायला लागले आणि मग रागवायला. याचे उपकार कसे फेडतात, मला ठाऊक नाही.

१९६०च्या सुमाराला कोर्टातली उर्दू कागदपत्रं संपत आली. तर्जुमेवाल्याची जागा गेली आणि दत्तरावांची नांदेडला साध्या कारकुनाच्या जागेवर बदली झाली. नाटक त्यांनी पुन्हा बसवलं नाही. त्या वर्षी दिवाळीत मी, लिंबाजी आणि छबूबाई त्यांना भेटायला नांदेडला गेलो. भाड्याच्या दोन खोल्या होत्या. त्यांच्या पत्नी केवळाबाई आत अनारसे तळत होत्या. बोलता बोलता लिंबाजीनं विषय काढलाच. "काका, आता तरी सांगा. हरिबाईचं बरोबर का माजं?"

दत्तराव हसले. "मी तर्जुमेवाला. निकाल देणं माजं काम न्हाई."

केवळाबाईंनी एवढ्या वर्षांत नाटकाबद्दल आमच्यासमोर कधी शब्द काढला नव्हता. त्या झारा हातात घेऊन दारात आल्या. "बाकी मला कळत न्हाई," त्या म्हणाल्या, "पर लांबून आलेल्या भावाला निदान जेऊ तर घालायचं व्हतं."

दत्तरावांनी मान वाकडी करून ते ऐकून घेतलं, जसं कोर्टात ऐकत तसं. मग ते उठले, भिंतीशी उभे केलेले पाट मांडले, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो.